डायोरामाची जमीन आणि गवत : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मॉडेल जोडणारे नागपुरात कमी नाहीत. कोणी रणगाडे करतं, कोणी विमानं, कोणी रेल्वे. मॉडेल छान होतं, रंगही मस्त बसतो. मग ते कशावर ठेवायचं, म्हणजे डायोरामाची (मॉडेलभोवतीच्या छोट्या देखाव्याची) जमीन कशी करायची, हा प्रश्न आला की फोन माझ्याकडे वळतो. गेली बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांखालची जमीनच करत आलोय. प्रश्न तेच ते येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. पाहिजे ते वाचा, नको ते सोडा. पहिला मात्र सोडू नका.

भाऊ, सगळं नीट केलं तरी माझं गवत खोटं का दिसतं?

बहुतेक वेळा रंग चुकलेला असतो. बाहेरून मागवलेल्या पाकिटावर ‘समर’ छापलेलं असतं आणि आतून पोपटी गवत निघतं. तिकडचा समर तसाच असतो, त्यात त्यांची चूक नाही. आपला उन्हाळा वेगळा. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या उन्हात शेताच्या धुऱ्यावर पोपटी काही दिसलंच तर ती प्लास्टिकची पिशवी असते.

दुसरं कारण म्हणजे गालिचा. गोंद एकसारखा, गवत एकसारखं, उंची एकसारखी. असं गवत फक्त बंगल्याच्या लॉनवर असतं, आणि तिथेही माळ्याने मन लावून काम केलं तरच.

सकाळी सेमिनरी हिल्सला किंवा गोरेवाड्याकडे जा आणि फूटभर जागेसमोर दहा मिनिटं उकिडवे बसा. मी बसलो होतो तेव्हा त्या फूटभरात दिसलं ते असं : मधोमध उघडी माती, तिच्यावर मुंग्यांनी काढलेली बारीक भुरभुरीत रेघ, गेल्या वर्षीच्या राखाडी काड्या आडव्या, त्यांच्यातून उठलेलं यंदाचं गवत बुडाशी हिरवं आणि टोकाला गव्हाळ, पळसाचं एक अर्धं खाल्लेलं पान, चार लेंड्या आणि खर्ऱ्याची पन्नी. १:३५ या स्केलमध्ये (खऱ्या वस्तूच्या पस्तिसाव्या भागात) एक फूट म्हणजे ८.७ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढी जागा. तेवढ्यात इतका कारभार चालतो. आपण तिथे एक चिमूट हिरवं टाकून मोकळे होतो.

मग कोणत्या महिन्यात कोणता रंग घ्यायचा?

आधी महिना ठरवा, मगच गोंदाचं झाकण उघडा. महिना न ठरवता केलेला डायोरामा कुठलाच नसतो.

जूनच्या शेवटी काळ्या मातीवर विरळ, पिवळसर कोंब असतात. माती जास्त, गवत कमी, म्हणून २ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. पोळ्याच्या सुमारास सगळं गर्द आणि उंच होतं, रस्त्याच्या कडेला तरोटा पिवळ्या फुलांवर येतो. पाकिटातलं गडद हिरवं वर्षातून एकदा इथेच चालतं, तेही पाच भाग हिरवं, दोन भाग पिवळट, एक भाग तपकिरी असं मिसळून. दसऱ्यापर्यंत तुरे तांबूस होतात, बुडखा हिरवाच राहतो. संक्रांतीला मी सात भाग गव्हाळ आणि एक भाग फिकट हिरवं घेतो. होळीच्या वेळी गवत पांढरट राखाडी, बरंचसं आडवं पडलेलं असतं. मधूनच कोणी धुरा पेटवल्याचा काळा पट्टा दिसतो आणि मागे पळस फुललेला असतो. हा होळीचा देखावा सगळ्यात कमी लोक करतात, आणि माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात देखणा तोच.

वेगवेगळ्या रंगांचं गवत डब्यात हलवून एकजीव करू नका. दोन-तीनदाच हलवा. पुरतं मिसळलं की लांबून एकच मळका रंग दिसतो.

२, ४, ६, १२ मिलिमीटर : नेमकं कोणतं घेऊ?

खऱ्या गवताची उंची मिलिमीटरमध्ये घ्या आणि स्केलने भागा. गुडघ्याएवढं गवत साधारण ४५ सेंटिमीटर असतं. ते १:३५ मध्ये १३ मिलिमीटर होतं, १:७२ मध्ये ६, आणि रेल्वेच्या १:८७ मध्ये जेमतेम ५. नाल्याकाठचा कास दोन-तीन मीटर वाढतो. १:३५ मध्ये तो ६० ते ८५ मिलिमीटर भरतो, म्हणजे पाकिटातल्या गवताने भागत नाही, झाडूकडे वळावं लागतं. ते पुढे येईलच.

१:८७ च्या रेल्वेवर १२ मिलिमीटरचं गवत लावलेलं मी पाहिलंय. हिशेब केला तर ते एक मीटरच्या वर जातं. स्टेशन मास्तर त्यात हरवला असता.

बेस कशाचा करू?

चौकटीला १२ मिलिमीटरचं प्लायवूड किंवा एमडीएफ, वर उंचसखलपणासाठी थर्माकोल. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारं पॅकिंगचं पुष्कळ मिळतं आणि कचऱ्यात जाण्यापेक्षा आपल्याकडे बरं. दाट, निळं किंवा गुलाबी इन्सुलेशनचं फोम मिळालं तर फारच उत्तम, त्याला दाणे सुटत नाहीत.

एमडीएफला ओला गोंद एकाच बाजूने लागला की ते आठवड्याभरात पापडासारखं वाकतं. म्हणून आधी दोन्ही बाजूंना आणि कडांना ऑइल पेंटचा हात मारा. आणि थर्माकोलवर स्प्रे पेंट थेट मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, डोंगराची दरी होते. आधी फेव्हिकॉलचा जाड हात, तो वाळला की रंग.

पीओपीचा पूर्ण डोंगर करू नका. उचलणार कोण?

वावरातली खरी माती चालते का?

चालते, आणि तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण ती भाजायची. हे मी माझी फजिती सांगून समजावतो.

पहिल्यांदा मी काटोल रोडकडची माती आणली, चाळली, थेट लावली. पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल तिच्यावर सढळ हाताने ओतला. वर १:३५ ची जीप ठेवली. महिनाभराने, ऐन जुलैत, जीपच्या मागच्या चाकाखालून हिरवं काही तरी डोकावलं. मी खूश, म्हटलं गवत किती जिवंत दिसतंय! ते खरोखरच जिवंत होतं. बोटभर वाढलं तेव्हा दोन पानांवरून कळलं की तरोटा आहे. जीपशेजारी तो वडाच्या झाडासारखा दिसत होता. आठ दिवस तसाच ठेवला, पोरांनी फोटो काढले. उपटला तेव्हा मातीचा पोपडा घेऊनच आला.

बियांबरोबर किडे आणि बुरशीही येतात. म्हणून जुन्या तव्यावर, अंगणात किंवा गच्चीवर, मंद आचेवर अर्धा तास माती परतायची. स्वयंपाकघरात नको. काळी माती तापली की येणारा वास घरच्यांना दोन दिवस पुरतो आणि बोलणी चार दिवस.

मग तीन चाळण्या : गव्हाची चाळणी, मैद्याची चाळणी आणि चहाची गाळणी. तिन्हींतून पडलेलं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. मैद्याच्या चाळणीवर राहिलं ते १:३५ ची ढेकळं, गाळणीतून पडलं ती धूळ.

रंगाचं एक गुपित आहे. खरी काळी माती गोंद पिऊन वाळली की आणखी गडद होते. छोट्या स्केलवर ती भोकासारखी काळीशार दिसते. म्हणून १:८७ साठी मी काळ्या मातीत चिमटीने पांढरी खडू पूड आणि थोडी पिवडी मिसळतो. डोळ्याला मूळ मातीपेक्षा फिकट वाटली पाहिजे, तेव्हाच लांबून खरी वाटते.

उन्हाळ्यातल्या वावराच्या भेगा कशा आणायच्या?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण इथे बाजारातलं काहीच लागत नाही. आपली काळी माती हे काम स्वतःच करते. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, म्हणून मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तोच गुण डायोरामावर वापरायचा.

गाळणीतून चाळलेली माती घ्या, तिच्यात ताकाएवढी पातळ होईल इतकं पाणी घाला आणि एका वाटीला फेव्हिकॉलचे चारच थेंब. जास्त गोंद घातला तर माती रबरासारखी ताणते आणि तडकत नाही. बेसवर ओता, उन्हात ठेवा. थर जितका पातळ, तितक्या भेगा जवळजवळ पडतात. जाड थराला मोठे, लांब लांब तुकडे पडतात. हेच सगळ्यात महत्त्वाचं. १:३५ साठी मी साधारण ३ मिलिमीटरचा थर देतो, १:८७ साठी एक मिलिमीटरही नाही. खऱ्या वावरातली पाच सेंटिमीटरची भेग १:३५ मध्ये दीड मिलिमीटरच्या आत बसते, तेव्हा भेगेत काडेपेटीची काडी सहज शिरायला लागली तर थर जाड झालाय असं समजा.

पुरतं वाळल्यावर भेगांच्या कडा किंचित वर उचललेल्या दिसतील. त्याला हात लावू नका. ड्रॉपरने पातळ गोंद फक्त भेगेच्या आत सोडा, तो कडेने आपोआप खाली झिरपतो आणि तुकडे बेसला धरून ठेवतो. वरून ओतलात तर माती पुन्हा फुगेल आणि केलेलं काम पुसलं जाईल. माझं दोनदा गेलंय.

लाल मुरूम पाहिजे असेल तर मात्र हा खेळ चालत नाही. मुरूम तडकत नाही, नुसता सुटा राहतो. तो कोरडा भुरभुरवा आणि वरून गोंद सोडा.

फेव्हिकॉलमध्ये पाणी किती?

सुकी माती पसरून वरून सोडायचा असेल तर निम्मं-निम्मं. रेल्वेच्या खडीसाठी एकाला दोन पाणी. गवत उभं करायचं असेल तर पाणी जवळजवळ नाहीच, ब्रशने ओढता येईल इतपत. तिन्हीत भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, नाहीतर गोंद मातीवर मोत्यासारखा गोल होऊन बसतो. आधी मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट फवारलं तर गोंद आणखी सरळ आत जातो. गोंदात तपकिरी पोस्टर कलर घाला, म्हणजे चुकून राहिलेली मोकळी जागा मातीसारखीच दिसेल.

बुरशी लागू नये म्हणून कोणी गोंदात बोरॅक्स घालायला सांगेल. ऐकू नका. फेव्हिकॉल लगेच आळून लोळागोळा होतो. मुलं स्लाईम करतात ना, तेच.

गवत उभं कसं राहतं? आणि मच्छर मारायच्या बॅटचं मशीन खरंच चालतं का?

पाकिटातलं गवत म्हणजे बारीक नायलॉनचे धागे. गवत टाकायच्या मशीनमध्ये ते जाळीत असतात. जाळी आणि खालचा ओला गोंद यांच्यात मोठा विद्युतदाब दिला की प्रत्येक धागा त्या ओढीच्या दिशेने सरळ होतो, खाली झेप घेतो आणि टोकावर गोंदात रुततो. म्हणून तो उभा राहतो. गोंद वाळला की संपलं, मग कितीही हलवा.

मच्छरच्या बॅटपासून घरी केलेलं मशीन चालतं. बॅटमधलं सर्किट हजार व्होल्टच्या पुढे जातं. एक तार स्टीलच्या चहागाळणीला, दुसरी एका खिळ्याला. खिळा ओल्या गोंदात टोचायचा, आणि ज्या तुकड्यावर गवत टाकताय त्याच सलग तुकड्यात. थर्माकोलमधून वीज जात नाही, ओल्या गोंदातून जाते. तीनपैकी दोन जणांचं मशीन ‘बिघडलेलं’ असतं ते याच कारणाने : खिळा एका कोपऱ्यात आणि गोंद दुसऱ्या. गाळणी गोंदापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा आणि हळू थोपटा.

आता सावधगिरी. बॅटमध्ये कपॅसिटर असतो, बटण सोडल्यावरही तो झटका देतो. माझ्या पहिल्या मशीनला मी गाळणीची मूठ उघडीच ठेवली होती. एका हातात गाळणी, दुसऱ्या हाताने खिळा सरळ करायला गेलो. असा दणका बसला की गाळणी थेट पंख्याकडे उडाली आणि चार मिलिमीटरचं गव्हाळ गवत खोलीभर. तीन दिवसांनी वरणात एक काडी सापडली. घरी अजून तो विषय निघतो. तेव्हा मूठ पीव्हीसी पाइपची करा, काम झालं की दोन्ही तारा एकमेकींना टेकवून दाब उतरवा, पोरांच्या हाती देऊ नका, आणि स्पिरिट फवारलं असेल तर ते पुरतं उडून जाईपर्यंत बटण दाबू नका. ठिणगी पडते. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी या भानगडीत पडूच नये. विकतचं मशीनही त्यांच्यासाठी नाही.

मशीन नसेल तर?

सॉसची मऊ बाटली घ्या, चतकोर भरा, हलवा आणि नळीतून फुस्स करून गोंदावर उडवा. मग केसांवर घासलेला प्लास्टिकचा कंगवा वरून फिरवा. बरंचसं गवत उठून बसतं. लॉनसारखं एकसारखं नाही होणार, पण आपल्याला लॉन हवंय कुठे?

पावसाळ्यात गवत झोपतं आणि मे महिन्यात गोंद. काय करू?

खरंय. फ्लॉकिंगच्या, म्हणजे असेच धागे उभे चिकटवण्याच्या, कारखान्यात हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. फार कोरडं असलं तर धागे विद्युतभार नीट घेत नाहीत आणि एकमेकांना चिकटून गोळे होतात, फार दमट असलं तर भार हवेतच निसटतो. आपल्याकडे ऑगस्टमध्ये दुसरी अडचण, मे महिन्यात पहिली. शिवाय मे महिन्यात गोंदावर दोन मिनिटांत साय धरते आणि गवत तिच्यावरच अडकतं.

पावसाळ्यात गवताचं पाकीट रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा. उन्हाळ्यात खोलीतला कूलर अर्धा तास चालवा आणि काम सुरू करायच्या आधी बंद करा. बंद करायला विसरलात तर गवत शेजाऱ्याच्या गच्चीवर सापडेल. गोंद एका वेळी तळहाताएवढ्याच जागेवर लावा. मी स्वतः हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उरकतो.

विकतचं गवत परवडत नाही. घरात काय मिळेल?

लय काही. उलट १:३५ साठी मला घरचंच जास्त आवडतं.

सुतळी बोटभर कापा, पीळ उकला, कोमट पाण्यात कपड्याचा रंग घालून बुडवा : उंच गवत तयार. न रंगवता ठेवली तर तीच संक्रांतीनंतरची. नारळाची शेंडी बुडख्यासाठी. फूलझाडूच्या तुऱ्याची बारीक टोकं नाल्याकाठच्या कासासाठी, त्यांच्यावर थोडा पांढरा रंग कोरड्या ब्रशने. कूलरच्या ताटीत भरतात ते लाकडाचं गवत दर मार्चमध्ये नवीन येतं आणि जुनं फेकलं जातं. ते जुनं मागून घ्या. वर्षभर पाणी खाऊन त्याला जो मळका करडा रंग येतो तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. कूलर वाळ्याचा असेल तर त्याच्या मुळ्या वेलींसाठी आणि कडेला उघड्या पडलेल्या झाडाच्या मुळांसाठी.

भुसा लकडगंजातून आणा. आरा मशीनवाले पोतंभर देतात, आपल्याला डबाभर पुरतो. चाळून, पोस्टर कलरने रंगवून तो छोट्या स्केलवर खुरट्या गवताचं काम करतो. गादीचा जुना फोम मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवला तर झुडपांची पानं होतात. मिक्सर वेगळा ठेवा, हे मी सांगायला नको. गावाकडे ओळख असेल तर मूठभर कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणा. तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार चाळल्यावर जे बारीक उरतं ते खळ्यावरचा आणि बैलगाडीखालचा पसारा म्हणून जसंच्या तसं वापरता येतं. चहाचा चोथा धुऊन, कडक उन्हात वाळवून झाडाखालच्या पाचोळ्याला. साखर-दुधाचा नको, मुंग्या येतात.

मातीचे रंग पाहिजेत तर चितारओळीच्या आसपास फिरा. मूर्तिकारांना लागणारे गेरू, पिवडी, काजळी हे कोरडे रंग आपल्यालाही लागतात, आणि तिथे कारागीर रंग कसा मिसळतो हे दहा मिनिटं उभं राहून पाहिलं तर शिकवणीची फी वाचते.

पिवळ्यासाठी हळद चालेल?

नाही. उन्हात उडते, आणि खाली चुना असेल तर लाल होते.

टफ्ट, म्हणजे गवताचे तयार झुपके, घरी करता येतात का?

येतात. बटर पेपर फळीवर चिकटपट्टीने ताणून लावा. फेव्हिकॉलचे, घट्ट, ठिपके द्या. ज्वारीच्या दाण्यापासून चण्याएवढे, सगळे एकसारखे नकोत. वर मशीनने गवत टाका, पालथं करून झटका, रात्रभर वाळू द्या. सकाळी एकेक सोलून निघतो. टोकाला कोरड्या ब्रशने बदामी रंग लावला की कुसळाचा भास होतो.

लावताना दोनदोन, तीनतीन करून चिकटवा आणि मध्ये मोकळी जागा सोडा. ओळीत लावले की बगिचा होतो. गवत कुठे वाढतं हे पण पहा : दगडाच्या बुडाशी, कुंपणाच्या खांबाखाली, जिथे पाय आणि चाक पोचत नाही तिथे. पांदणीत दोन चाकोऱ्या उघड्या आणि मधला पट्टा गवताचा. नवीन माणूस मात्र हमखास चाकोरीतच गवत लावतो.

मला आपली छोटी लाईन करायची आहे. रुळांमधली जमीन कशी?

नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, पण ती ज्यांनी पाहिली त्यांच्या डोळ्यांसमोर रूळ कमी आणि गवत जास्त असतं. हिशेबाने नशीब तुमच्या बाजूने आहे : ती नॅरो गेज, दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ ला ८.७६ येतात आणि बाजारात मिळणाऱ्या एन स्केलच्या (आणखी छोट्या मॉडेल रेल्वेच्या) रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर असतं. एवढ्या फरकावर कोणी बोट ठेवणार नाही. फक्त एन स्केलच्या स्लीपर फार जवळजवळ आणि बारीक असतात, त्या मातीत गाडून टाका. छोट्या लाईनीवर तशाही त्या मातीत बुडालेल्याच असायच्या.

मोठ्या लाईनीसाठी खडी ६५ ते २० मिलिमीटरची असते, म्हणजे १:८७ मध्ये पाऊण ते पाव मिलिमीटर. लोक जी बारीक रेती घालतात ती त्या मानाने धोंडे असतात. गाळणी वापरा.

माती रुळाजवळ लावण्याआधी तिच्यातून चुंबक फिरवाच. आपली माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. कागदात गुंडाळलेलं चुंबक एकदा फिरवलं की काळ्या मिशा फुटल्यासारखं दिसतं. ते कण इंजिनाच्या मोटरमध्ये गेले तर इंजिन गेलं. मोतीबागेच्या नॅरो गेज संग्रहालयात एकदा जाऊन या. इंजिनं सगळेच पाहतात, तुम्ही चाकांखाली बघा : तेलाचे डाग कुठे पडतात, गंजाची पूड कशी उतरते.

१८१७ ची सीताबर्डीची लढाई करतोय. जमीन कोणती?

तारखेने निम्मं काम केलंय : २६ आणि २७ नोव्हेंबर. पाऊस संपून दोन महिने झालेले, टेकडीवर माती थोडी आणि ओल कमी. म्हणजे गवत गव्हाळ, गुडघ्याच्या खाली, फक्त दगडांच्या सावलीत बुडखे हिरवट. पायथ्याशी मात्र हिरवं जास्त ठेवा. नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांची आणि ईस्ट इंडिया कंपनीची माणसं ज्या वाटेने चढली-उतरली तिथे गवत आडवं करा. लावल्यावर, गोंद अर्धा ओला असताना, बोटाने एकाच दिशेला दाबायचं.

दगड बेसॉल्टचा. तो काळा रंगवू नका. करडा, वरच्या अंगाला गंजासारखा तांबूस, आणि आकाराने गोलसर. बेसॉल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. टोकदार सुळके केलेत तर ते हिमालय होतील.

आणि माझा टायगर (जर्मन रणगाडा) फ्रान्सच्या नॉर्मंडीत आहे, त्याचं काय?

मग पाकिटातलं हिरवं वापरा, बिनधास्त. जून १९४४ मध्ये तिथली कुंपणं आणि कुरणं हिरवीच होती. तिथे आपली काळी माती आणि कुसळ नेऊन ठेवू नका म्हणजे झालं. रशियातल्या चिखलाला मात्र आपली काळी माती चांगली शोभते. तिकडेही काळी जमीन आहेच.

संत्र्याची बाग करता येईल का?

येईल, पण जागा मोजून घ्या. झाडं साधारण सहा मीटरवर असतात. १:३५ मध्ये दोन झाडांत १७ सेंटिमीटर जातात, चार झाडांत टेबल भरतं. म्हणून बाग १:८७ मध्येच करा, तिथे ७ सेंटिमीटरमध्ये भागतं. प्रत्येक झाडाभोवती गोल आळं, ते ओलसर आणि गडद, मधली जमीन वखरलेली. मृग बहाराचा (पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्याचा) ताण दाखवायचा असेल, म्हणजे एप्रिल-मे, तर पाणी तोडलेलं असतं : आळं कोरडं, भेगाळलेलं, पानं जराशी मान टाकलेली. फळं तेव्हा लावू नका. एकाने फुललेली, फळलेली आणि ताणावरची, तिन्ही अवस्था एकाच झाडावर आणल्या होत्या. शेतकरी असलेल्या त्याच्या सासऱ्यांनी बेसकडे पाहून फक्त “हं” म्हटलं.

चिखल आणि डबकं?

चिखलासाठी मातीत फेव्हिकॉल आणि शेवटी ग्लॉस वार्निश, तेही फक्त खोलगट जागी. पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन, एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा जाड नाही. जाड ओतलं तर ते घट्ट होताना तापतं, आणि उन्हाळ्यात तर खालचं थर्माकोलच वितळतं. ओतण्याआधी तळ गडद रंगवा. पांढऱ्या तळावरचं डबकं दुधासारखं दिसतं.

भिंतीवरचं हिरवं शेवाळ आणून लावलं तर?

चार दिवस अप्रतिम, मग तपकिरी भुगा. लावायचंच असेल तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग कोमट पाण्यात आठवडाभर बुडवून, मग सावलीत वाळवून. तरी रंग द्यावाच लागतो.

धूळ बसली तर झाडायची कशी?

काच लावा. ते नसेल तर जुना, मऊ मेकअपचा ब्रश आणि फुंकर. व्हॅक्यूम क्लीनर वापरलात तर तोंडाला पायमोजा बांधा, सुटलेलं गवत त्यात जमा होतं आणि पुन्हा वापरता येतं. आणि डायोरामा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. आपलं ऊन दोन उन्हाळ्यांत सगळ्या हिरव्याचा मे महिना करतं.

काका, तान्ह्या पोळ्याच्या नंदीखाली असं करता येईल का?

येईल की! आणि मशीनशिवाय. पाटाएवढं प्लायवूड घे, वर काळी माती पसरून नांगराच्या तासांसारख्या रेघा काडीने ओढ, गोंद घाल. कडेला सुतळीचं गवत, एका कोपऱ्यात मूठभर कुटार. पोळा पावसाळ्यातला, म्हणून गवत हिरवंच रंगव. लाकडाच्या नंदीच्या पायाला चाकं असतात, तेवढी रुंद वाट मोकळी ठेव, नाहीतर मिरवणुकीत ओढताना सगळं गवत चाकाला गुंडाळून निघेल. गोंद वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा पोळ्याच्या आदल्या रात्री माझ्याकडे येऊ नकोस.